रस्ते झाडले, पाणी मारलं, तरी पीएम २.५ का हलत नाही?

प्रश्न पुण्यातल्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या भागात गेल्या वर्षापासून रस्ते झाडणारी यांत्रिक गाडी फिरते, थंडीत पाण्याचे फवारे मारणारी तोफही येते. रस्ता स्वच्छ दिसतो. पण जवळच्या मापन केंद्रावरचा पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा डिसेंबर-जानेवारीत होता तिथेच राहिला. आसपास धुराडं असलेला कारखाना नाही. मग हे कण येतात कुठून, असं ते विचारतात. शिवाय त्यांनी घरी एक छोटं मीटर घेतलंय, ते पहाटे केंद्राच्या जवळजवळ दुप्पट आकडा दाखवतं. खरं कोणाचं मानायचं?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. पीएम २.५मधला मोठा हिस्सा कुणी कण म्हणून हवेत सोडलेलाच नसतो. तो वायू म्हणून बाहेर पडतो आणि हवेत गेल्यावर, काही तासांत किंवा काही दिवसांत, त्याचा कण बनतो. झाडूला तो सापडत नाही, कारण तो रस्त्यावर कधी पडलेलाच नव्हता. हे एकदा पक्कं लक्षात आलं की शहराने पैसा कशावर खर्च करायचा याचं सगळं गणित बदलतं. म्हणून थोडं खोलात जाऊन लिहितो.

हवेतल्या सगळ्या कणांना आपण सरसकट धूळ म्हणतो, पण आकार बदलला की कणाचं वागणं पार बदलतं. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान व्यासाचे सगळे कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले. दुसरा आकडा पहिल्यात धरलेलाच असतो. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. माती, खडीची भुकटी, सिमेंट, टायर घासून निघालेला चुरा, यांचं बहुतेक वजन अडीच मायक्रॉनच्या वरच्या कणांत असतं. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने खाली येतो. खोलीच्या छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला पाव तास पुरतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला अख्खा दिवस लागतो, आणि ०.३ मायक्रॉनच्या कणाला आठवड्याहून जास्त. बाहेरच्या हवेत वारा असतो, तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत असते, त्यामुळे हे बारीक कण खाली बसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ०.१ ते १ मायक्रॉनच्या पट्ट्यातले कण पावसाची गाठ पडेपर्यंत, साधारण आठवडाभर, हवेत राहतात आणि तेवढ्यात शेकडो किलोमीटर जातात. आपण श्वासातून फुप्फुसाच्या तळापर्यंत नेतो तेही मुख्यतः हेच.

आता हे कण कशाचे बनलेले असतात ते पाहू. याचं उत्तर फिल्टरवर मिळतं. आमच्या प्रयोगशाळेचा नेहमीचा सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारं यंत्र, मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो. चोवीस तासांत २४ घनमीटर हवा ४७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉनच्या चकतीतून जाते. भारतातली पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. बरोबर तेवढं प्रदूषण असेल त्या दिवशी चकतीचं वजन दीड मिलिग्रॅमनेसुद्धा वाढत नाही. म्हणून चकती आधी ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवायची, चिमट्याने फक्त कडेला धरायची, तिच्यावरचा स्थिर विद्युतभार घालवायचा आणि मग मायक्रोबॅलन्सवर, म्हणजे अतिसूक्ष्म वजन मोजणाऱ्या काट्यावर, ठेवायची. हवा ओढण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा हाच सोपस्कार.

प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं चकतीचा रंग पाहून अंदाज बांधतात: जितकी काळी तितकी हवा वाईट. रंग फक्त काजळी किती आहे ते सांगतो. थंडीतल्या कितीतरी चकत्या नुसत्या फिकट राखाडी दिसतात आणि काळ्याकुट्ट चकतीपेक्षा वजनाला भारी भरतात. ते वजन कसलं, हे बघायला चकतीचा तुकडा अतिशुद्ध पाण्यात टाकतो, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हलवून घेतो, पाणी गाळून आयन क्रोमॅटोग्राफला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षारांचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, देतो. पडद्यावर आधी क्लोराइडचं शिखर उठतं, मग नायट्रेटचं आणि शेवटी सल्फेटचं. दुसऱ्या कॉलमवर अमोनियम दिसतं. जोड्या लावल्या की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट हाती येतात. दोन्ही क्षार पांढरे, पाण्यात चटकन विरघळणारे. रस्त्यावरची माती अशी विरघळत नाही. उरलेल्या वजनात काजळी असते, थोडी माती असते आणि सेंद्रिय पदार्थांची प्रचंड सरमिसळ असते. त्या सेंद्रिय भागातलाही मोठा वाटा हवेतच तयार झालेला असतो.

हे क्षार बनतात कसे? कोळसा किंवा गंधक असलेलं इंधन जळालं की सल्फर डायऑक्साइड निघतो. दिवसा सूर्यप्रकाशाने ओझोनचा रेणू फुटतो, सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेवर आदळतो आणि हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या आसपास. घनसेंटिमीटर हवेत तो दहा लाखांच्या घरात असतो, भर दुपारी त्याच्या काही पट. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा हवेतल्या एकूण रेणूंपुढे नगण्य आहे, पण हवेत सुटलेल्या बहुतेक वायूंचं पुढे काय होणार हे तोच ठरवतो. सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल करायला नुसत्या हवेत त्याला काही दिवस लागतात. तोच वायू ढगाच्या किंवा धुक्याच्या थेंबात शिरला, आणि थेंबात हायड्रोजन पेरोक्साइड असलं, तर काम काही तासांत, कधी मिनिटांत उरकतं. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस साचलेल्या धुरक्यात हजारो माणसं दगावली. तिथे सल्फेट इतक्या झपाट्याने कसं वाढलं याचा एक पटणारा खुलासा २०१६मध्ये पुढे आला: धुक्याच्या थेंबांमध्ये नायट्रोजन डायऑक्साइडने सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट करून टाकलं. कोळशाचे दोन वायू आणि धुकं, तिघांचा मेळ.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं दिवसा नायट्रिक आम्ल होतं. रात्री वेगळी वाट असते. नायट्रोजन डायऑक्साइड ओझोनशी संयोग पावत डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतो, तो ओलसर कणांवर बसतो आणि तिथे पाण्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतो. म्हणजे रात्री रस्ते रिकामे झाले तरी संध्याकाळच्या गर्दीतल्या वायूंपासून कण बनणं पहाटेपर्यंत चालूच असतं.

आणि या सगळ्यात अमोनिया. शेतातला युरिया, जनावरांचं मलमूत्र, सांडपाणी यांतून तो सतत हवेत जातो. उपग्रहांच्या नकाशावर गंगेचं खोरं अमोनियाच्या बाबतीत जगातल्या सगळ्यात गडद पट्ट्यांपैकी आहे. अमोनिया आधी सल्फ्युरिक आम्लाला धरतो आणि उरला तर नायट्रिक आम्लाकडे जातो. अमोनियम नायट्रेट थंडीत आणि दमट हवेत कण म्हणून टिकतं. हवा तापली की परत अमोनिया आणि नायट्रिक आम्लाची वाफ होऊन उडून जातं. फिल्टरवर जमलेलं नायट्रेटही असंच उडतं. सकाळी चकतीवर बसलेलं नायट्रेट दुपारच्या उन्हात निघून गेलं तर वजन कमी भरतं आणि हवा होती त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून नायट्रेट नीट मोजायचं असेल तर टेफ्लॉनच्या मागे नायलॉनची चकती लावावी लागते, ती उडालेलं नायट्रिक आम्ल पकडते. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या केंद्राचा आकडा वर जातो त्यामागे थंडीत कण अडकून राहतात तो जमिनीलगतच्या हवेचा उथळ थर हे मोठं कारण आहेच, पण त्याच्या जोडीला हे थंडीत टिकणारं नायट्रेटही असतं.

डोळ्यांना दिसणाऱ्या गुन्हेगाराच्या मागे शहर लागतं आणि खरा गुन्हेगार सुटतो, हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९४३च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं, पिवळट-तपकिरी धुरकं पसरलं. संशय गेला तो शहरातल्या एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनत होतं. लोकांच्या दबावाखाली तो काही काळ बंद ठेवला. धुरकं तसंच राहिलं. पुढे धुराडी, कचरा जाळायच्या भट्ट्या असं एकेकावर बोट ठेवून झालं. कोडं सोडवलं आरी हागेन-स्मित या कॅलटेकमधल्या रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस अननसाच्या वासातली रसायनं वेगळी काढत होता. तेच तंत्र वापरून त्याने शहरातल्या हवेची बाष्पं गोठवून तपासली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवलं की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र करून त्यांवर ऊन पाडलं की ओझोन तयार होतो आणि सोबत धुरकंही. ओझोनने रबराला भेगा पडतात, म्हणून त्याने मापनालाही ताणलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. वाहन आणि तेल उद्योगाने त्याला बराच विरोध केला. अखेर १९६८मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवाविषयक मंडळाचा पहिला अध्यक्ष तोच झाला, आणि १९७५च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू बाहेर पडण्याआधी निष्प्रभ करणारी उपकरणं, येऊ लागले. धुराडं नसलेल्या तुमच्या भागात कण कुठून येतात, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेव्हाच सापडलं होतं: बाष्प आणि ऊन.

आपल्याकडची गोष्ट लॉस एंजेलिसइतकी सरळ नाही, कारण इथे काय काय जळतं याची यादीच लांबलचक आहे. यात दोन अभ्यास मला फार मोलाचे वाटतात.

पहिला सिंहगडावरचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं, मापन केंद्र सिंहगडावर आहे. हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून समुद्राकडे जाणारा तपकिरी धुरकट थर कशाचा, यावर १९९९च्या इंडोएक्स मोहिमेपासून वाद होता. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झन या वातावरणशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या त्या मोहिमेत हिंद महासागरावर तब्बल तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकं दिसलं होतं. पण ते डिझेल-कोळशाचं की चुलींचं, ते ठरत नव्हतं. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओरयान गुस्ताफसन आणि आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांसह त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहगडावरचे आणि मालदीवमधले कण घेऊन त्यांतला कार्बन-१४ मोजला. युक्ती सुरेख आहे. झाडाच्या कार्बनमध्ये कार्बन-१४ असतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत होते, आणि कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. त्यामुळे त्यांत तो शिल्लकच नसतो. चकतीवरच्या कार्बनमध्ये किती कार्बन-१४ आहे हे मोजलं की लाकूड-शेण-काडीकचऱ्याचा वाटा थेट कळतो, कुठे किती इंधन जळतं याच्या अंदाजांवर विसंबावं लागत नाही. २००९मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: कणांतल्या एकूण कार्बनपैकी दोन तृतीयांश जैविक इंधनाचा. चूल, शेकोटी, पाण्याचा बंब, शेतात पेटवलेलं पाचट आणि काड. पुणेकरांना हवेच्या प्रदूषणाचं नाव काढलं की आधी दुचाक्या आठवतात. दुचाक्या आहेतच, पण सिंहगडावरच्या हवेने आपल्याला गावांच्या स्वयंपाकघरांकडेही बघायला लावलं. तिथला धूर सगळ्यात आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो, हे मी कुठल्याही आकड्याच्या वर ठेवतो.

दुसरा अभ्यास २०२१चा, आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दिल्लीतल्या कणांमध्ये क्लोराइडचं प्रमाण चकित करणारं होतं. समुद्रकाठी क्लोराइड सापडलं तर नवल नाही, ते मिठाचं असतं. दिल्लीपासून समुद्र हजारभर किलोमीटर दूर. हे क्लोराइड हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेतून येतं, आणि ती निघते क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक कचऱ्यात जाळल्याने आणि काही उद्योगांमधून. हवेत भरपूर असलेला अमोनिया तिला धरतो, अमोनियम क्लोराइडचा कण बनतो आणि तो पाणी शोषून फुगतो. दिल्लीच्या आसपास कणांनी शोषलेलं पाणी आणि त्यामुळे घटलेली दृश्यमानता यांतला सुमारे निम्मा भाग या एका रसायनामुळे आहे, असं त्यांना आढळलं. कोपऱ्यावर पेटवलेला कचऱ्याचा ढीग आणि धुक्यात रखडलेली विमानं यांचा असा थेट रासायनिक संबंध आहे. कचरा जाळणं ही किरकोळ बाब मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निष्कर्ष वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता पाण्याच्या तोफेकडे वळतो. पावसाने हवा स्वच्छ होते, मग फवाऱ्याने का नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पाण्याचा थेंब खाली येताना समोरची हवा बाजूला सरकते. दोन मायक्रॉनपेक्षा मोठा कण जडत्वामुळे सरळ जातो आणि थेंबावर आपटतो. ०.१ मायक्रॉनपेक्षा बराच लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतका भरकटतो की कधी ना कधी थेंबाला चिकटतो. मधल्या आकाराच्या कणाला पुरेसं जडत्वही नसतं आणि पुरेसं भरकटणंही. ओढ्यातलं पान खडकाला न शिवता वळसा घालून निघून जातं तसा तो थेंबाभोवतून निसटतो. थेंबाच्या वाटेत आलेल्या अशा हजार कणांतला एखादाच पकडला जातो. या मधल्या दरीला ग्रीनफिल्ड गॅप म्हणतात. पीएम २.५चं बहुतेक वजन नेमकं याच दरीत असतं. त्यामुळे तोफेने पीएम १० काही वेळ उतरतं, रस्त्यावरची माती दबते, पण पीएम २.५ला धक्का लागत नाही.

मग पावसाने तरी बारीक कण कसे जातात? ते ढगात जातात. वाफेला थेंब व्हायला बसायला काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे हेच सल्फेट-नायट्रेटचे, मिठाचे, सेंद्रिय पदार्थांचे कण. धूळ नसेल तर ढगाचा थेंब धरत नाही हे जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं होतं. महाबळेश्वरला आयआयटीएमने २०१२मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली ती म्हणूनच. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतात, विमान न लावता ढगाच्या आत उभं राहून मोजता येतं: हवेत कण किती, त्यांतल्या कितींचे थेंब झाले, कुठले मागे राहिले. कण थेंबाच्या पोटात बसतो, असे लाखो थेंब एकत्र येऊन पावसाचा एक थेंब होतो आणि कण जमिनीवर येतो. जुलैत पुण्याची हवा निवळते ती अशी, आणि सोबत समुद्रावरून येणाऱ्या स्वच्छ वाऱ्याने. टँकरच्या तोफेतून ढग निघत नाही.

हवा धुण्याच्या किंवा शोषून घेण्याच्या सगळ्याच यंत्रांबद्दल माझं मत असंच आहे, आणि त्याला एक साधा हिशेब आधाराला आहे. दिल्लीचं क्षेत्रफळ सुमारे १,४८३ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात हवा ३०० मीटर उंचीपर्यंतच मिसळते आणि घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम कण आहेत असं धरा. गुणाकार केला की शहरावरच्या सगळ्या हवेत मिळून साधारण ९० टन कण निघतात. नऊ-दहा ट्रकांचा माल. इतकाच माल दोन कोटी माणसांचा श्वास अडवतो, आणि तो साडेचारशे घनकिलोमीटर हवेत पसरलेला असतो. एवढी हवा गाळणारं यंत्र शक्य नाही. गाळली तरी वारा काही तासांत शेजारची हवा आणून ठेवतो.

मार्ग उरतो तो वायू निघतात तिथेच रोखण्याचा. चीनने तो बऱ्यापैकी चालून दाखवला. बीजिंगमधलं पीएम २.५चं वार्षिक प्रमाण २०१३मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, २०२१मध्ये ३३वर आलं. कोळशाच्या वीज केंद्रांवरचं गंधक आधी आवरलं, घरगुती कोळसा बंद केला, वाहनांचे नियम कडक केले. पण त्यातही रसायनाने वाकडी वळणं घेतली. सल्फर डायऑक्साइड घटला तसा अमोनिया मोकळा झाला आणि कणांमध्ये नायट्रेटचा वाटा वाढला. फेब्रुवारी २०२०मध्ये टाळेबंदीत वाहनं थांबली, नायट्रोजनचे ऑक्साइड कोसळले, तरी बीजिंगवर दाट धुरकं आलं. दमट, साचलेली हवा हे एक कारण. दुसरं असं की नायट्रिक ऑक्साइड रात्री ओझोनला खातो, तो कमी झाल्यावर ओझोन वाढला आणि त्याने उरलेल्या वायूंचे कण बनवण्याचा वेग वाढवला. म्हणून एकच वायू पकडून चालत नाही. गंधक, नायट्रोजनचे ऑक्साइड, सेंद्रिय बाष्पं आणि अमोनिया यांना बरोबरीने खाली आणावं लागतं.

आपण कुठे आहोत? एक गोष्ट नक्की चांगली झाली: १ एप्रिल २०२०पासून वाहनांच्या धुराचं कडक मानक, बीएस-६, आलं आणि डिझेल-पेट्रोलमधलं गंधक दशलक्षाला ५० भागांवरून १०वर उतरलं. वीज केंद्रांच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे आणि ते स्पष्ट लिहितो. सल्फर डायऑक्साइड रोखण्याचे नियम डिसेंबर २०१५मध्ये आले, दोन वर्षांत पाळायचे होते. मुदती पुढे ढकलत गेल्या आणि जुलै २०२५मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक धुणारी यंत्रणा बसवण्यापासून सूटच मिळाली. केंद्राच्या भोवताली सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हा त्यामागचा एक युक्तिवाद. वायू म्हणून तो तिथे मर्यादेत असेलही. चार दिवसांनी, चारशे किलोमीटरवर, तो सल्फेट म्हणून पीएम २.५मध्ये मोजला जातो आणि तिथे त्याचा बाप कोण हे कुणी विचारत नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या वीज केंद्रांचा हिशेब करताना विदर्भापुरता नकाशा पुरत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला, तेव्हा पीएम १० आणि पीएम २.५ दोन्ही कमी करायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात शहरांची कामगिरी पीएम १०वर जोखली जाते. मग महापालिका ज्या खर्चाने पीएम १० लवकर हलेल तोच करणार: झाडूच्या गाड्या, तोफा, रस्त्याच्या कडा फरसबंद करणं. धूळ दाबायला माझा विरोध नाही. बांधकामाजवळ राहणाऱ्याला, दमेकऱ्याला मोठ्या कणांचाही त्रास होतोच. पण मापदंड चुकीचा ठेवला की प्रामाणिक अधिकाऱ्याचाही पैसा चुकीच्या जागी जातो. तुम्ही नगरसेवकाला किंवा महापालिकेला पत्र लिहिणार असाल तर झाडूच्या फेऱ्या वाढवा असं लिहू नका. पीएम २.५मध्ये सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, क्लोराइड आणि कार्बन किती, याची ऋतुवार आकडेवारी मागा. ती असली की कचरा जाळण्याचा वाटा, बेकरी आणि हॉटेलांच्या लाकडी भट्ट्यांचा वाटा, बाहेरून वाहून आलेला वाटा यांवर नेमकं बोलता येतं. त्याखेरीज वॉर्डात कचरा जळताना दिसला की तक्रार, सोसायटीच्या रखवालदाराला शेकोटीऐवजी विजेचा हीटर आणि बसायला बंद केबिन, ही कामं तोफेपेक्षा जास्त फळ देतील.

राहिला तुमच्या मीटरचा प्रश्न. स्वस्त मीटर कणांचं वजन करत नाही. आत एक छोटा लेसर असतो, कणांवरून किती प्रकाश विखुरला ते मोजून तो वजनाचा अंदाज बांधतो. पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की अमोनियम नायट्रेट आणि सल्फेट पाणी पिऊन फुगतात, प्रकाश कितीतरी जास्त विखुरतो आणि मीटर त्या पाण्यालाही प्रदूषणात धरतं. सरकारी केंद्रातलं यंत्र हवा आत घेताना तापवून कोरडी करतं, म्हणून त्याचा आकडा कमी. वजनाच्या बाबतीत केंद्राचं खरं माना. मीटरचा उपयोग दुसरा आहे: आज आणि काल, स्वयंपाकघर आणि बाल्कनी, खिडकी उघडी आणि बंद, अशा तुलनेसाठी, तीही आर्द्रता सारखी असताना.

पहाटेची वाढ सगळी पाण्याची मात्र नसते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि रात्रभर निघालेलं सगळं शंभर-दोनशे मीटरच्या थरात अडकतं. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, झाकण उचललं जातं आणि दुपारी तीच हवा हजार मीटरहून अधिक उंचीपर्यंत मिसळते. केंद्राचाही आकडा सकाळी सात ते नऊ चढलेला आणि दुपारी दोन ते चार उतरलेला दिसेल. थंडीत पहाटे पाचला टेकडीवर फिरायला जाण्याची पुण्यातली सवय मला ठाऊक आहे. टेकडीच्या माथ्यावर हवा पायथ्यापेक्षा बरी असते, पण तिथवर तुम्ही धापा टाकत चढता ते सगळ्यात वाईट हवेतून. डिसेंबर-जानेवारीत हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फिरणं सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास ठेवावं.